‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट मराठीत आणताना: कामाच्या नोंदी

1 जून

वाचनगटासाठी घेतलेलं काम आजपासून इथं लिहून ठेवते. चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची शेवटची तीन प्रकरणं, म्हणजे 57, 58 आणि 59, मराठीत करायची. त्यासोबत डिकन्सनं आधी लिहिलेला आणि छापण्यापूर्वी बदललेला शेवटही. महिनाअखेरीला अभिवाचन आहे. मी अनुवाद करायचा आणि ताईनं वाचून दाखवायचं, असं ठरलंय.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. पिप हा पोरका मुलगा. बहीण आणि तिचा लोहार नवरा जो गार्जरी यांच्या घरी वाढतो. गावातल्या श्रीमंत, विक्षिप्त मिस हॅविशॅमकडे त्याला खेळायला बोलावतात. तिथं तिची मानलेली मुलगी एस्टेला त्याच्या राठ हातांना आणि जाडजूड बुटांना हसते. पुढं एका अज्ञात माणसाच्या पैशावर पिप लंडनला जाऊन ‘जंटलमन’ होतो आणि जोची लाज बाळगू लागतो. पैसा कुणाचा हे कळतं तेव्हा पायाखालची जमीन सरकते. तो पैसा मॅग्विचचा असतो. लहानपणी दलदलीत पिपनं खायला दिलेला पळून आलेला कैदी, तो हाच.

शेवटी पिप आणि एस्टेला भेटतात. ती भेट डिकन्सनं दोनदा लिहिली.

3 जून

आधी तारखा नीट लावून घेतल्या. ही कादंबरी डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात 1 डिसेंबर 1860 पासून 3 ऑगस्ट 1861 पर्यंत 36 भागांत आली. लिखाण जून 1861 मध्ये संपलं. त्याच महिन्यात त्यानं शेवटाची कच्ची मुद्रितं कादंबरीकार मित्र एडवर्ड बुल्वर-लिटनला दाखवली, आणि त्याच्या आग्रहावरून शेवट बदलला. जुना शेवट लोकांसमोर आला तो डिकन्स गेल्यावर. जॉन फॉर्स्टरनं लिहिलेल्या चरित्राच्या 1874 च्या तिसऱ्या खंडात तो छापला आहे.

वाचकांना ही गोष्ट ‘मित्रानं गळ घातली आणि लेखक नमला’ अशी ऐकायला आवडते. मला ती तेवढी पटत नाही. नमलेला लेखक घाईनं चार ओळी बदलतो. डिकन्सनं अख्खा प्रसंग नव्यानं रचला, जागा बदलली, हवा बदलली आणि एस्टेलाला बोलायला लावलं.

6 जून

57 वं प्रकरण. पिप तापानं फणफणलाय, डोक्यावर कर्ज, आणि शुद्धीवर येतो तेव्हा उशाशी जो.

इंग्रजीत ‘यू’ एकच, मराठीत मात्र तू, तुम्ही, आपण यातलं काहीतरी निवडावंच लागतं. मला वाटलं होतं हा त्रास होईल. उलट प्रकरणाचं कुलूपच त्यानं उघडलं.

लहानपणी जो पिपला ‘ओल्ड चॅप’ म्हणतो. मी ‘गड्या’ केलं. 27 व्या प्रकरणात जो लंडनला भेटायला येतो तेव्हा बावरतो. हातातली हॅट कुठं ठेवावी कळत नाही, ती पुन्हापुन्हा पडते, आणि मधूनच तो पिपला ‘सर’ म्हणतो. तिथं माझ्या मसुद्यात ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ आलं. आजारपणात पिप लुळा पडलेला असतो तोवर जो पुन्हा ‘गड्या’वर, ‘तू’वर येतो. पण पिपच्या अंगात ताकद येऊ लागते तसतसा जो अवघडतो, आणि ‘साहेब’ परत डोकावतं. मूळ पुस्तकात हे आहेच. पण मराठीत प्रत्येक क्रियापदाच्या शेपटाला ते लागतं. ‘बस’चं ‘बसा’ होतं, ‘खा’चं ‘खा की साहेब’ होतं. पिपला ते ऐकू येतं आणि कळतं की ही दरी आपणच पाडली.

मग एक दिवस सकाळी पिप उठतो तर जो निघून गेलेला. मागं एक चिठ्ठी: तू आता बरा झालास, माझ्यावाचून तुझं चांगलंच होईल. खाली ता.क.: आपण कायमचे जिवाभावाचे दोस्त. चिठ्ठीत कर्ज फेडल्याची पावती. एका जवाहिऱ्याचे 123 पौंड 15 शिलिंग 6 पेन्स, आणि त्यासाठी पिपला अटक व्हायची होती.

चिठ्ठीत मी ‘तू’ ठेवलं. तोंडावर ‘साहेब’ म्हणणारा जो कागदावर ‘तू’ म्हणतो. लिहिताना त्याला कुणाची नजर नाही.

7 जून

कालचं पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, ती सुटता कामा नये. सातव्या प्रकरणातला जो फक्त ‘जे’ आणि ‘ओ’ एवढीच अक्षरं ओळखतो. छापील पानात आपलं नाव दिसलं की हरखतो. 57 व्या प्रकरणात तो पिपसमोर बसून पत्र लिहितो. बाह्या सरसावतो, जणू पहार किंवा घण उचलायचाय, आणि डावं कोपर टेबलावर घट्ट रोवून लेखणी धरतो. पिपची गावातली बालमैत्रीण बिडी, तिनं त्याला लिहायला शिकवलंय.

आपण ‘पिप बदलला, एस्टेला बदलली’ एवढंच बोलत राहतो. जो तोच राहिला, चांगला माणूस होता तसाच, असं धरून चालतो. पण निघून जाताना ठेवलेली चिठ्ठी हीच त्याची वाढ आहे. पिप शिकून दूर गेला, जो शिकला तो पिपला दोन ओळी लिहून ठेवण्यापुरता. चाळीस वर्षं शाळेत मुलांना धुळाक्षरं गिरवायला लावली म्हणून असेल, पण कोपर रोवून लिहिणारा तो लोहार मला या अख्ख्या पुस्तकात सगळ्यात जवळचा वाटतो.

11 जून

लोहारकामाचे शब्द पक्के करायला जुन्या बाजारामागच्या बोळात लोहारमामांकडे गेले. पेरणीच्या तोंडावर त्यांच्याकडे गर्दी होती. खुरपी, विळे, कोयते धारेला आलेले. मामांनी तरी बसायला पोतं टाकलं. भाता आता विजेचा आहे, जुना चामड्याचा भिंतीला टांगलेला. ऐरण, घण, सांडशी, छिन्नी हे माहीतच होतं. मला हवं होतं दुसरंच.

एस्टेलाचं शेवटच्या भेटीतलं एक वाक्य आहे: मला वाकवलं, मोडलं, पण, निदान आशा तरी आहे की, त्यातून आकार बरा आला. मामांना विचारलं, लोखंड वाकवणं आणि मोडणं एकत्र कसं म्हणाल?

ते म्हणाले, “बाई, तापलेलं असलं तर वाकतं. गार असताना जोर केला की तडकतं. दोन्ही एका टायमाला व्हत नाही.”

“आणि मोडलेल्याचं काय करता?”

“टोकं पांढरी होईस्तवर तापवायची, एकावर एक ठेवायची नि ठोकायची. सांधतंय की. सांधा नीट बसला तर तिथं परत मोडत नाही.”

मी घरी येऊन वाक्य बदललं. आधी ‘चांगला आकार’ लिहिलं होतं, त्याजागी ‘घडण’ घेतलं. एस्टेलानं आयुष्यात भट्टीत पाय ठेवलेला नाही, लोहाराच्या पोराला ती हसली, आणि शेवटी स्वतःबद्दल बोलताना तिच्या तोंडी शब्द येतात ते ऐरणीवरचे. डिकन्सनं हे ठरवून केलं की नाही, मला सांगता येणार नाही. मराठीत ‘माणूस घडणं’ आणि ‘खुरपं घडवणं’ एकाच शब्दानं होतं, त्यामुळं आपल्याकडे ते लपतच नाही.

12 जून

‘सांधा’ शब्दानं रात्रभर पिच्छा पुरवला. सकाळी 27 वं प्रकरण काढलं. लंडनहून परत निघताना जो म्हणतो की आयुष्य म्हणजे एकाला एक सांधलेल्या किती तरी ताटातुटीच, कुणी लोहार असतो, कुणी कल्हईवाला, कुणी सोनार, कुणी तांबट. अशांत फरक पडायचाच, आणि पडेल तसा तो सोसायचा.

इंग्रजीतला शब्द ‘पार्टिंग’. कादंबरीच्या अगदी शेवटच्या वाक्यातही हाच शब्द आहे!

तीस वर्षांत चार वेळा हे पुस्तक वाचलं आणि हे दिसलं नव्हतं. माझ्या टिपणांत 27 व्या प्रकरणाला ‘निरोप’ होता आणि 59 व्याला ‘वियोग’. दोन्ही खोडले. दोन्हीकडे ‘ताटातूट’. जोच्या तोंडी ‘वियोग’ शोभणार नाही, तो नाटकातला शब्द आहे. ‘ताटातूट’ घरातला आहे, आणि त्यात तुटणं आहे, म्हणून सांधणंही येऊ शकतं.

दुसरी अडचण मोठी आहे. लोहार, सोनार, तांबट ही इंग्रजीत कामं आहेत. मराठीत म्हटलं की जाती ऐकू येतात. जो वर्गाबद्दल बोलतोय, एका पिढीत ओलांडता येणाऱ्या आणि तरी न ओलांडल्या जाणाऱ्या रेषेबद्दल. आपल्या कानाला ती रेषा जन्माची वाटेल, आणि जो ती मान्य करतोय असं वाटलं तर माणूसच बदलेल. ‘कुणी लोखंड घडवतो, कुणी कल्हई करतो, कुणी सोनं, कुणी तांबं’ असं क्रियापदात टाकलं. आता काम दिसतं, जात मागं राहते. लय थोडी गेली. जाऊ दे.

15 जून

58 झालं. पटकन झालं, कारण यात वळणं नाहीत. पिप गावी परततो, बिडीला लग्नाचं विचारायचं मनात घेऊन. जोच्या हातोड्याचा ठोका ऐकू येईल म्हणून कान लावतो, ठोका येत नाही. भट्टी बंद. घराला पांढरे पडदे, फुलं. पिपची बहीण आधीच वारलेली, आणि जो आणि बिडीचं त्याच दिवशी लग्न झालंय. तो मनातलं मनातच ठेवतो आणि दोघांची क्षमा मागतो.

माझ्या मते पिपची गोष्ट इथं संपली. जे शिकायचं होतं ते तो मॅग्विचचा हात हातात धरून बसला तेव्हा शिकला, आणि इथं त्यानं ते तोंडानं कबूल केलं. 59 वं प्रकरण त्याचं नाही, एस्टेलाचं आहे.

18 जून

काढून टाकलेला जुना शेवट मराठीत केला. लहान आहे, पानभरही नाही.

पिप लंडनच्या पिकॅडिलीतून चाललाय, बोट धरून जो-बिडीचा मुलगा, त्याचंही नाव पिप. मागून नोकर धावत येतो, गाडीतल्या बाई बोलावतात. ती एस्टेला. पहिल्या नवऱ्यानं, ड्रमलनं, तिचा छळ केला. तो मेला, आणि तिनं श्रॉपशरच्या एका डॉक्टरशी लग्न केलं, ज्यानं स्वतःचं नुकसान होईल हे माहीत असून एकदा तिच्या बाजूनं मध्ये पडायचं धाडस केलं होतं. ती म्हणते: मी खूप बदललेय, माहीत आहे मला, पण एस्टेलाशीही हस्तांदोलन करावंसं वाटेल तुला, असं वाटलं. त्या गोड बाळाला वर उचल, मला त्याचा पापा घेऊ दे.

आणि कंसात पिपचं एक वाक्य: तिला ते मूल माझं वाटलं असावं.

तो तिचा गैरसमज दूर करत नाही. ‘माझं नाही, मी एकटाच आहे’ म्हटलं असतं तर त्यात एक मागणं असतं. लहानपणापासून ज्या मुलीकडे तो मागतच राहिला, तिच्यासमोर पहिल्यांदा तो काही मागत नाही. मूल उचलतो, ती पापा घेते, गाडी जाते. दुःखानं तिला हृदय दिलं, एवढं पिपला तिच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, स्पर्शावरून कळतं. ती ते बोलत नाही.

‘हस्तांदोलन’ खटकत होतं. रस्त्यावर, नोकरासमोर, ‘हात दे’ म्हटलं तर सलगी होते. पण हात महत्त्वाचा आहे. राठ म्हणून हिणवलेला हात तो हाच. शेवटी ‘एस्टेलाच्याही हातात हात द्यावासा वाटेल तुला’ असं केलं.

22 जून

ताईशी वाद. चांगला झाला, म्हणून लिहिते.

मी म्हटलं, काढून टाकलेला शेवटच खरा. पिप न मागता उभा राहतो, याहून मोठं काय असणार? नवीन शेवटात तर पडक्या जागेत योगायोगानं भेट, चांदणं, हातात हात.

ताई म्हणाली, “अगं, पण जुन्यात बाई बोलते काय? मी बदललेय एवढंच, आणि पोराचा पापा. तिला काय झालं, ते सगळं तो सांगतो. इतकी वर्षं तिच्याबद्दल दुसरेच बोलत आले. हॅविशॅम बोलली, तो बोलला. आता तरी तिला बोलू दे की.”

मी गप्प बसले. पुन्हा दोन्ही पानं शेजारी ठेवली. ताईचं बरोबर आहे. दुःख हे बाकी सगळ्या शिकवणुकीपेक्षा बळकट निघालं, हा विचार दोन्ही शेवटांत आहे. जुन्यात तो पिपचा अंदाज आहे, नव्यात एस्टेलाचं स्वतःचं वाक्य. ती म्हणते, दुःखानं मला शिकवलं तुझं हृदय कसं होतं ते. मग वाकवलं-मोडलं ते, आणि मग: पूर्वीसारखाच माझ्याशी समजूतदार, चांगला राहा, आणि आपण मित्र आहोत असं सांग. सॅटिस हाउस, म्हणजे हॅविशॅमचं घर, पाडलेलं आहे, पण ती जमीन अजून तिची आहे. बाकी सगळं एकेक करून गेलं, एवढीच तिनं सोडली नाही. भेट तिच्या जागेवर होते आणि ती बोलते. डॉक्टरही नाही, तिला वाचवायला कुणी आलेलं नाही.

म्हणजे पिपची वाढ काढून टाकलेल्या शेवटात जास्त दिसते आणि एस्टेलाची छापलेल्या शेवटात. एका प्रसंगात दोघांनाही पुरेशी जागा मिळाली नाही. बर्नार्ड शॉला जुना शेवट प्रिय होता, 1937 च्या आवृत्तीत त्यानं तोच छापायला लावला. पण एस्टेला ‘मित्र आहोत असं सांग’ म्हणते ते ताईच्या आवाजात ऐकल्यापासून मला तेवढं ठामपणे शॉच्या बाजूनं उभं राहता येत नाही.

24 जून

शेवटचं वाक्य. याच्यासाठीच इतके दिवस राखून ठेवले होते.

हस्तलिखितात डिकन्सनं लिहिलं होतं की एक सोडून तिच्यापासूनच्या कुठल्याच ताटातुटीची सावली दिसली नाही. ती एक म्हणजे मरण. छापताना ‘एक सोडून’ काढलं. नंतरच्या आवृत्तीत वाक्य पुन्हा फिरवलं, आज बहुतेक ठिकाणी छापतात ते: ‘आय सॉ नो शॅडो ऑफ अनदर पार्टिंग फ्रॉम हर’.

दोघं एकत्र राहिले का? वाक्य सांगत नाही. त्याच्या आधीचं एस्टेलाचं शेवटचं बोलणं आहे: दूर राहूनही आपण मित्र राहू. म्हणजे ताटातूट तिनं आताच ठरवून टाकली. पिपला पुढची ताटातूट दिसत नाही, एवढंच त्यानं सांगितलं. ही आशा असेल, किंवा लहानपणापासूनची तीच सवय, हवं ते बघायची.

पहिला मसुदा: ‘आमची पुन्हा ताटातूट होईल असं मला वाटलं नाही.’ यानं सगळं मिटवलं. ‘पुन्हा’ म्हटलं की लग्न झाल्यासारखंच वाटतं.

दुसरा: ‘दुसऱ्या ताटातुटीची सावली.’ ‘दुसऱ्या’मुळं नुसती मोजदाद झाल्यासारखी वाटली.

तिसरा: ‘आणखी एका ताटातुटीची सावली.’ हा राहिला. ‘आणखी’मध्ये आधीच्या सगळ्या ताटातुटी येतात, जोनं सांधून दाखवलेल्या, आणि कदाचित आत्ताचीही. ही शेवटची, असाही अर्थ निघतो. आता वेगळं होणं नाही, असाही. वाचणाऱ्यानं ठरवावं.

धुक्याचंही चुकलं होतं. ‘संध्याकाळचं धुकं दाटत होतं’ असं लिहून गेले. मूळ अर्थ अगदी उलटा. पिप पहिल्यांदा गाव सोडतो तेव्हा धुकं वर जातं आणि जग पसरलेलं दिसतं. आताही संध्याकाळचं धुकं वरच जातंय.

26 जून

पूर्ण वाक्य आज बसलं. ताईला फोनवर वाचून दाखवलं:

‘मी तिचा हात हातात घेतला आणि आम्ही त्या पडक्या जागेतून बाहेर पडलो, फार पूर्वी मी भट्टी सोडून निघालो तेव्हा सकाळचं धुकं वर गेलं होतं, तसंच आता संध्याकाळचं धुकं वर जात होतं, आणि त्यामागं उघडलेल्या त्या सगळ्या शांत, रुंद उजेडात तिच्यापासूनच्या आणखी एका ताटातुटीची सावली मला दिसली नाही.’

ताई म्हणाली, “‘आणखी’वर थोडी थांबते मी.”

मी थांबू नको म्हटलं. तिथं थांबलं की आपणच अर्थ सांगून मोकळे होतो. सरळ वाच, एका दमात.

27 जून

क्रम ठरला. आधी 57, 58, 59, छापलेल्या शेवटासह. मग पाच मिनिटं थांबून काढून टाकलेला शेवट. शेवटी ऐकलेलं कानात राहतं, म्हणून जुना नंतर ठेवायला मला संकोच वाटत होता. 1870 ला मरेपर्यंत डिकन्सनं तो परत घेतला नाही. पण आधी वाचला असता तर नवा शेवट ‘सुधारलेला’ वाटला असता, आणि तसं वाटू नये.

बिडीच्या घरातलं एक वाक्य शेवटच्या क्षणी बदललं. अकरा वर्षांनी पिप परततो, दारातून बघतो तर शेकोटीजवळ जोच्या पायाच्या आडोशाला, पिपच्याच छोट्या स्टुलावर, एक पोर बसलंय. मूळात आहे ‘आय अगेन’. मी ‘माझंच रूप’ लिहिलं होतं. ते खोडून ‘मीच, पुन्हा!’ केलं.

28 जून

तालीम. ताई जोची चिठ्ठी वाचताना अडली. ‘जिवाभावाचे दोस्त’ नंतर पाणी प्यायली आणि पुढं म्हणाली, “इथं ‘गड्या’ का नाही घातलंस?” मूळात नाही, म्हणून. पण जो मराठीत लिहीत असता तर त्यानं लिहिलं असतं, असं ती म्हणाली. मी नाही ऐकलं. ‘गड्या’ लिहायला त्याला अजून शिकायचं आहे.

उद्या चारला. सतरंज्या दुपारीच टाकून ठेवायच्या. मामांनाही बोलावलंय, ते येतो म्हणालेत, पाऊस नसला तर.